बावीस घरं, एक नंबर

"यादीतले हे मोबाईल नंबर कोणाच्या सांगण्यावरून बदलले?" साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

टेबलाच्या त्या टोकाला सुजाता उभी होती. ती त्या कार्यालयातली कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. आम्ही बाकीचे सगळे बसलो होतो. महसूल, पंचायत समिती, पोलीस, बांधकाम आणि आरोग्य अशा पाच खात्यांची माणसं, चौकशीला आलेले साहेब आणि सल्लागार म्हणून मी. तिला कोणी बस म्हणालं नव्हतं.

"फोनवर विचारलं होतं, सर."

"कोणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या अहवालाचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते वाचतच नव्हतो.

"आठवत नाही, सर," ती म्हणाली.

तिला आठवत होतं आणि मलाही आठवत होतं. वरच्या वाडीत दरड आली होती. धोक्याचा निरोप तिथे पोचला नव्हता आणि एका माणसाचा पाय गेला होता. आता कोणाच्या तरी नावावर ही चूक टाकायची होती आणि सुजाताचं काँट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं. माझ्या एका वाक्यानं ती सुटली असती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

कार्यालय कुठलं, वाडी कुठली हे मी सांगणार नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी, एवढं पुरे. लाज माझी आहे, तिथल्या लोकांना त्यात कशाला ओढा.

माझं काम समजावून सांगायला जरा अवघड. बायको विचारणाऱ्यांना सांगते, "हे सरकारी खात्यांच्या पेपरला मार्क देतात." तसं बघितलं तर बरोबरच आहे. प्रत्येक खात्यानं आपापली कागदपत्रं संगणकावर नेली. प्रत्येकानं आपली वेगळी सिस्टम केली. आता या सिस्टम एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या यादीत वारलेला माणूस रेशनच्या यादीत धान्य उचलत असेल, तर ती दोन खाती बोलत नाहीत असं समजायचं. या बोलण्याला आमच्यात इंटरऑपरेबिलिटी म्हणतात. शब्द मोठा आहे, त्यामुळे फी बरी मिळते.

आम्ही मुख्यतः तीन गोष्टी बघतो. याद्या जुळतात का. एका खात्याचा निरोप दुसऱ्याकडे जातो का. आणि रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एकानं विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्यानं किती दिवसांत उत्तर दिलं. तीन दिवसांच्या आत दिलं तर हिरवा, त्याच्या वर गेलं की लाल. सगळे रकाने शेवटी एका पडद्यावर येतात, त्याला डॅशबोर्ड म्हणायचं. वरचे अधिकारी फक्त रंग बघतात. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा धंदा. मी तो पुष्कळ वर्षं केला आणि त्याचा मला अभिमानही होता.

तळीयेच्या दरडीनंतर या भागात डोंगराकडे बघायची नजरच बदलली. कुठे भेग दिसली, कुठे झरा गढूळ झाला की लोक अस्वस्थ होतात. त्यामुळे धोक्याच्या वाड्यांची एक एकत्रित यादी केली होती. हवामानाचा इशारा आला की महसूल खातं एक बटण दाबणार. त्या वाड्यांतल्या प्रत्येक कुटुंबाच्या मोबाईलवर मेसेज जाणार, की खाली शाळेत या. त्याच क्षणी पोलीस आणि आरोग्य खात्यालाही कळणार. कुटुंबांची यादी पंचायत समितीची, बटण महसूलचं, रस्ता बांधकामचा. या सगळ्यांचं किती जुळतं ते बघायला मला नेमलं होतं.

उन्हाळ्यात मी पुण्याहून वरंधा घाटानं उतरलो. यादी सुजाताकडे होती म्हणून ती बरोबर आली. पोलादपूरकडचीच मुलगी, या वाड्या तिला पायाखालच्या. जीप खालच्या गावापर्यंत जाते. तिथून वरची वाडी तासाभराच्या चढावर. बावीस घरं धनगरांची. गुरं, थोडी नाचणी आणि दूध खाली आणून घालायचं. तरणी पोरं मुंबई-पनवेलला.

खालच्या गावातलं शेवटचं घर ठकूबाईंचं. वय पंचावन्नच्या आसपास. वरची वाडी हे त्यांचं माहेर. त्यांच्या अंगणात मोबाईलला रेंज येते, त्याच्या वर येत नाही.

"बावीस घरांना तुमचाच नंबर कसा, मावशी?" मी यादी बघून विचारलं.

"मंग कुनाचा देतील? वर फोन हायती, पन लागत नाय एकबी. म्हनून सगळ्यांनी माझा दिलाय." त्या हसल्या. "मेसेज आला का बावीस वेळा वाजतो. मी एकच वाचते. चौथीपत्तूर शिकलेय, वाचाया येतं मला."

"आणि मग?"

"मंग दगडावर जाते नि हाळी देते."

हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक. डोंगरातली माणसं अजूनही तसं बोलतात. घरामागे एक उंच काळा दगड होता. ठकूबाई पदर खोचून त्यावर चढल्या. तोंडाला दोन्ही हात लावून त्यांनी जी हाक मारली ती माझ्या छातीत घुमली. मग त्या थांबल्या. आम्हीही थांबलो. थोड्या वेळानं वरून कोणीतरी "कूऽऽ" केलं. मगच त्या उतरल्या.

"उत्तर आलं नाही तर?"

"तर उतरायचं नाय. पुन्ना हाक द्यायची. लई पाऊस असला का पत्र्याचा डबा बडवायचा. त्योबी आयकू गेला नाय तर अर्ध्या चढावर जायाचं नि तितनं हाक द्यायची. उत्तर घेतल्याबिगर माघारी फिरायचं नाय, असा आमचा नेम हाय. बापाच्या येळेपासनं."

मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. दही खाल्लं. वाडीत जाऊन आलो. ठकूबाईंचा भाऊ धाकू यानं गोठा दाखवला, गोठ्यामागच्या उताराला गेलेली भेग दाखवली. परतताना जीपमध्ये मी सुजाताला म्हणालो, "काय आवाज आहे हो बाईंचा." ती म्हणाली, "सर, आमच्याकडे त्यांच्या भरवशावर वाडी झोपते."

पुढच्या आढावा बैठकीत माझ्या प्रेझेंटेशनची सुरुवातच त्या व्हिडिओनं झाली. वर मी लिहिलं होतं, "आमची बॅकअप सिस्टम." सभागृह हसलं. मला बरं वाटलं.

चौथ्या स्लाइडवर लाल रकाना होता. "डुप्लिकेट मोबाईल क्रमांक : बावीस. गंभीर. युनिक क्रमांक सुनिश्चित करावेत."

हे जरा समजावून सांगतो. एकच मोबाईल नंबर बऱ्याच नावांपुढे असला की बहुतेक वेळा त्यात काळंबेरं असतं. एखादा एजंट खोटी नावं भरतो आणि सगळ्यांपुढे स्वतःचा नंबर टाकतो. शहरांकडे मी अशी प्रकरणं पकडली आहेत. त्यामुळे आमचं सॉफ्टवेअर असा नंबर दिसला की आपोआप लाल करतं. युनिक म्हणजे प्रत्येकाचा वेगळा. नियम चुकीचा नाही. पण इथे काळंबेरं नाही हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, कानांनी ऐकलं होतं, वर दही खाऊन आलो होतो. खाली एक टीप लिहायला दोन मिनिटं लागली असती. मी लिहिली नाही. अपवाद घातला की तक्ता विस्कटतो आणि वरचे लोक प्रश्न विचारतात, हे त्याचं खरं कारण. याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

दोन आठवड्यांनी सुजाताचा फोन आला. मी पुण्यात भाच्याच्या साखरपुड्यात होतो, हातात ताट होतं.

"सर, शुक्रवारपर्यंत लाल आहे ते सगळं हिरवं करायला सांगितलंय. वरच्या वाडीचं काय करू? त्यांच्याकडे दुसरे नंबरच नाहीत."

"मुलं असतील ना त्यांची मुंबई-पनवेलला? त्यांचे टाका."

"टाकता येतील. पण मग ठकूबाईंना मेसेज जाणार नाही, सर."

"अहो, मुलं कळवतील ना घरी. युनिक झाल्याशी मतलब."

मग म्हणाली, "सर, तसा एक मेल कराल का मला?"

"मेल कशाला? मी सांगतोय ना."

फोन ठेवला आणि मी जिलेबी घ्यायला गेलो. हे जिलेबीचं मुद्दाम सांगतो. त्या प्रश्नानं माझ्या तोंडाची चवसुद्धा बिघडली नव्हती.

शुक्रवारी रकाना हिरवा झाला. खात्याखात्यांत समन्वय वाढला म्हणून आमच्या कंपनीला अभिनंदनाचं पत्र आलं. मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, सगळ्यांना पेढे वाटले.

श्रावणात चार दिवस सलग पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी अकराला इशारा आला. महसूल खात्यानं बटण दाबलं. पोलीस, आरोग्य, बांधकाम यांना त्याच मिनिटाला कळलं. शाळा उघडली, चटया अंथरल्या, अँब्युलन्स गावात येऊन उभी राहिली. या बाबतीत कोणत्याच खात्याला नाव ठेवायला जागा नाही. सगळे खाली तयार होते. वरून माणसंच उतरली नाहीत, आणि निरोप पोचला असं पडद्यावर दिसत असल्यानं त्यांना आणायला कोणी वर गेलं नाही.

मी पुण्यात डॅशबोर्ड उघडून बसलो होतो. वरची वाडी : पाठवले बावीस, डिलिव्हर्ड बावीस. मी त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, "समन्वयानंतरची पहिली खरी परीक्षा. शंभर टक्के." मॅडमनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

डिलिव्हर्ड म्हणजे मेसेज फोनमध्ये पडला. फोन कुठे आहे, कोणाच्या खिशात आहे, तो माणूस जागा आहे का, हे त्यात येत नाही. ते फोन कुठे होते हे मला नंतर कळलं. एक तळोज्याच्या कारखान्यात, लॉकरमध्ये. एक मुंबईतल्या हॉटेलच्या भटारखान्यात, चार्जिंगला. एकजण रात्रपाळी करून झोपला होता. एकाला वाटलं मुंबईच्या पावसाचा मेसेज आहे, त्यानं तो मित्रांच्या ग्रुपवर पुढे पाठवला. तिघाचौघांनी घरी फोन लावले. ते लागणारच नव्हते. शेवटी एकाला ठकूबाई आठवल्या. त्याची ड्युटी सुटली तेव्हा पाच वाजले होते.

धाकूच्या गोठ्यामागचा उतार तीनच्या सुमाराला खाली आला. दोन म्हशी गोठ्यासकट गेल्या. बाकीची माणसं घराच्या बाजूला होती, ती वाचली. धाकू गोठ्यात होता. वाडीनं त्याला उकरून काढलं, घोंगडीची डोली करून चिखलातून खाली आणलं. अँब्युलन्स उभीच होती. महाडहून पुढे मुंबईला नेलं. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

त्यानंतर ती बैठक झाली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

बैठकीतून बाहेर पडल्यावर मी मॅडमना फोन केला. साखरपुड्यात सुजाताशी फोनवर झालेलं बोलणं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलांचे नंबर टाका, असं रिपोर्टमध्ये लिहिलंय का?"

"नाही."

"मेल?"

"नाही."

"मग तुम्ही काही सांगितलेलं नाही. शिफारस आपली, अंमलबजावणी त्यांची. शांत राहा."

मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. सल्लागाराचं आयुष्य या एका वाक्यावर चालतं. चांगलं झालं तर शिफारशीमुळे, वाईट झालं तर अंमलबजावणीमुळे.

त्याच संध्याकाळी सुजाताचा व्हॉट्सअॅप मेसेज आला. "सर, तुम्ही फोनवर जे सांगितलं होतं ते दोन ओळीत लिहून द्याल का? फाईलला लावते. महिनाअखेरीच्या आत मिळालं तर बरं होईल."

मी तो वाचला. मी वाचला हे तिलाही दिसलं असणार, निळ्या खुणा लगेच उमटतात. मी दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. दुसऱ्या दिवशी चार लिहिल्या, त्याही पुसल्या. तिसऱ्या दिवसापासून मी तो मेसेज उघडणंच बंद केलं. फोन वाजला की दचकायचो. चोराच्या मनात चांदणं. तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला रागावायला तरी निमित्त मिळालं असतं.

अकराव्या दिवशी मी फील्ड व्हेरिफिकेशनला गेलो. जागेवर जाऊन खातरजमा करणं, एवढाच त्याचा अर्थ. वरंधा घाट पावसानं बंद होता, म्हणून पनवेलवरून रेल्वेनं वीर स्टेशनला उतरलो. तिथून रिक्षानं महाड आणि पुढे जीप. जीपमध्ये या वेळी दुसराच ऑपरेटर होता. मी सुजाताबद्दल काही विचारलं नाही.

ठकूबाईंच्या ओटीवर धाकू भिंतीला टेकून बसला होता. पायावर चादर होती. मुंबईहून त्याला दोनच दिवसांपूर्वी आणलं होतं. वाडीच्या चढावर तो आता जाऊ शकत नाही, म्हणून बहिणीनं खालीच ठेवून घेतला होता. मी नमस्कार केला. त्यानं ओळखलं. "या सायेब," म्हणाला. ठकूबाईंनी चहा आणला. उन्हाळ्यातल्यासारख्या त्या हसल्या नाहीत. समोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "सायेब, एक इचारू का?"

"विचारा ना."

"माझा नंबर का काढलात?"

मी कप खाली ठेवला.

"माझं काय चुकलं काय? रिचार्ज मी दर महिन्याला मारते. एकदाबी चुकवला नाय. रातीबी फोन उशाला घेऊन झोपते. मागल्या वरसाला दोनदा मेसेज आला, दोनदा समदी खाली आनली. ईचारा याला."

"तसं नाही, मावशी."

"त्या दिवशी वरनंच हाक आली," त्या म्हणाल्या. "दोन वाजले असतील. याच्याच बायकोनं इचारलान, निरोप हाय का गो? पाऊस लई होता. त्यांची निघायची तयारी होती. फक्त इचारत होती. मी फोन बघितला. काय नव्हतं त्यात. शाळा पार गावाच्या त्या टोकाला, तितं गाडी आलीय ते पावसात हितनं दिसलंबी नाय. मी दगडावर जाऊन सांगितलं, निरोप नाय, राहा."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माझ्याच तोंडानं सांगितलं, राहा म्हनून. तिनं कूऽऽ केलं, मंग मी उतरले."

अकरा दिवस मी सुजाताला टाळत होतो, माझ्या नावाची काळजी करत होतो. आणि ही बाई दरड आली त्या दिवसापासून आपल्याच भावाचा पाय आपल्या माथी घेऊन बसली होती. तिचा नंबर कोणी काढला, का काढला, हे तिला सांगायला पाच खात्यांतलं कोणी आलं नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. लपायला टेबल नव्हतं, उलटायला पान नव्हतं.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "नंबर मी काढायला लावला. एकच नंबर बावीस ठिकाणी नको, असं मी लिहिलं. त्या जागी मुलांचे टाका असंही मीच सांगितलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी तर आयकली होती ना हाळी?"

"हो."

"मंग मला एक फोन करून इचारायचं होतंत, काढू का म्हनून. नंबर तर होता की तुमच्यापाशी."

होता. बावीस वेळा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. एवढ्या बैठका झाल्या, एवढे मेल गेले, पाच खात्यांचा समन्वय मोजून झाला. त्या नंबरावर फोन मात्र कोणीच लावला नाही, आणि लावायचं काम माझं होतं.

धाकूनं कप माझ्याकडे सरकवला. "चाय घ्या, सायेब. गार व्हईल."

त्या संध्याकाळी महाडच्या लॉजवर बसून मी पत्र लिहिलं. पानभर झालं. उन्हाळ्यात काय बघितलं, अहवालात काय लिहिलं, काय लिहायचं टाळलं, साखरपुड्यात फोनवर काय सांगितलं, मेल का केला नाही आणि बैठकीत का गप्प बसलो. खाली सही केली. साहेबांना पाठवलं, मॅडमना पाठवलं आणि सुजाताला पाठवलं.

मॅडमचा फोन दहा मिनिटांत आला. "तुम्ही भावनेच्या भरात कंपनीला अडचणीत आणलंत." मी म्हटलं, भावनेचा भर यायला मला अकरा दिवस लागले. त्यांना ते आवडलं नाही. पुढचं काम मला मिळालं नाही. ते ठीकच झालं.

साहेब मात्र पत्र वाचून बोलले ते बरं बोलले. "उशीर केलात, पण फाईल सरळ झाली." ठकूबाईंचा नंबर बावीस नावांपुढे परत आला. यादीत दोन नवे रकाने घातले. एक, निरोप वर कोण पोचवतं. दुसरा, वरून उत्तर आलं का. दुसऱ्या रकान्यात कोणीतरी हो लिहीपर्यंत बटण दाबणाऱ्यानं उठायचं नाही. ठकूबाईंचा नेम सरकारी कागदावर आला. तो त्यांचा म्हणून मात्र कुठे नोंद नाही. सॉफ्टवेअरचा नियम बदललेला नाही, त्यामुळे वरच्या वाडीचा रकाना पुन्हा लाल झाला आहे. साहेबांनी तो तसाच ठेवला आहे. नव्या सल्लागारानं अहवालात "गंभीर" असं लिहिलंय म्हणे.

राहता राहिली सुजाता. तिच्या मेसेजनंतर माझं पत्र अकराव्या दिवशी गेलं. महिना नवव्या दिवशी संपला होता. तिला चुकीबद्दल काढलं असं कुठेही लिहिलेलं नाही. मुदत संपली, वाढवली नाही, एवढंच. पत्रानंतर तिच्या नावावरचा ठपका पुसला गेला, पण तोवर तिच्या खुर्चीवर दुसरा बसला होता. जीपमध्ये माझ्या शेजारी होता तोच.

दिवाळीनंतर मी पोलादपूरला गेलो. एस.टी. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक छोटं दुकान आहे, तिथे ती बसते. गर्दी होती. एका म्हातारबाबांचा आधारचा फॉर्म भरून होईपर्यंत मी उभा राहिलो. मग तिनं वर बघितलं.

"बसा, सर." तिनं स्टूल पुढे केलं.

"सुजाता, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं. चांगलं लिहिलं होतं." तिनं प्रिंटरमध्ये कागद घातले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी दोनच ओळी मागितल्या होत्या. इतके दिवस का लागले, सर?"

याला मी तिथे उत्तर दिलं नाही. खरं उत्तर तिला माहीत होतं आणि खोटं द्यायचं आता वय राहिलं नाही. मी थोडा वेळ बसलो, तिनं मागवलेला चहा घेतला आणि महाडची एस.टी. लागली तेव्हा उठलो.

खात्यांना मार्क देताना आम्ही रिस्पॉन्स टाइम बघतो, हे सुरुवातीला सांगितलंच आहे. तीन दिवसांच्या वर लाल. हा नियम मीच घातलेला आहे आणि त्यात कोणाला सूट दिलेली मला आठवत नाही. मी अकरा दिवस घेतले.